बंदूक पुसणाऱ्यांचा इतिहास

१/ नाशिकमध्ये शस्त्राची गोष्ट निघाली की ती २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीपाशी येऊन थांबते. विजयानंद नाट्यगृह, कलेक्टर जॅक्सन, अनंत कान्हेरे आणि ब्राउनिंग पिस्तूल. शस्त्र कुणी चालवले हे आपल्याला पाठ असते. ते कुणी पुसले, कुणी त्याला तेल दिले, कुणी पावसाळ्यात कोरडे राखले, याची दखल आपण क्वचितच घेतो. आजचा धागा या दुसऱ्या इतिहासाविषयी आहे. शेवटी एक मागणी आहे. म्हणून तो शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

२/ निमित्त एका विद्यार्थ्याचे. तो एन.सी.सी.त आहे. त्याने एक चित्रफीत पाठवली. तिच्यात एक अमेरिकन गृहस्थ लष्कराने मोडीत काढलेली जुनी रायफल विकत घेतो, तिच्यावरचे घट्ट ग्रीस खरवडतो आणि दोन तासांत ती लख्ख करतो. रायफलीवर शिक्का आहे ईशापूरचा. मुलाचे प्रश्न दोन : "सर, ही आपल्या देशात बनली, मग मला का घेता येत नाही? आणि घेता आलीच, तर अशीच साफ करायची का?"

३/ पहिल्या प्रश्नाचे उत्तर १८५७ मध्ये आहे आणि त्याचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात सापडतो. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरजवळच्या नांदूर-शिंगोटे येथे भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा इंग्रज पोलीस अधिकारी मारला गेला. असे प्रसंग देशभर घडले. राज्यकर्त्यांनी त्यातून धडा घेतला तो हा की, प्रजेच्या हाती सैन्याच्या तोडीचे शस्त्र असता कामा नये. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. पुढे राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध वारंवार ठराव केले, ते याच कारणाने.

४/ हे धोरण केवळ कायद्याच्या कागदावर राहिले नाही. ते बंदुकीच्या नळीतही उतरले. सैन्याची रायफल ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे .३०३ बोअरची. मग नागरिकाला परवाना मिळाला तरी हे काडतूस मिळू नये, म्हणून शिकारीसाठी .३१५ बोअर रूढ झाला. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी तर ईशापूरच्या कारखान्यात त्याच रायफलीचे .४१० बोअरच्या, आतून गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये रूपांतर केले गेले. बाहेरून रायफल, आतून जवळजवळ छऱ्याची बंदूक. राज्यकर्त्यांचा अविश्वास यापेक्षा स्पष्ट शब्दांत लिहिता आला नसता.

५/ स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर ही विभागणी राहिली आणि .३०३ निषिद्धच राहिला. म्हणून ईशापूरच्या रायफली परदेशात ‘सरप्लस’ म्हणून विकल्या जातात. नाशिकच्या नागरिकाला मात्र फार तर सरकारी कारखान्याची.३१५ मिळते. तिची यंत्रणा लष्करी ली-एनफिल्डवरूनच घेतलेली आहे. थोरल्या बहिणीला बंदी आणि धाकटीला परवाना, असा हा प्रकार.

६/ माझे मत स्पष्ट सांगतो. या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. लष्करी शस्त्रांचा खुला बाजार कोणत्याही शहराला परवडणारा नाही. तक्रार वेगळीच आहे. शस्त्र दूर ठेवता ठेवता आपण शस्त्राची निगा हे ज्ञानही समाजापासून दूर ठेवले. ज्याच्या घरी कायदेशीर परवान्याची बंदूक आहे, त्यालाही आज ती नीट पुसता येत नाही. हे मात्र धोक्याचे आहे.

७/ आता दुसरा प्रश्न : सफाई. आमच्या शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. त्यांच्याकडे परवान्याची .३१५ होती. दर महिन्याला अंगणात सतरंजी पसरून ते ती पुसत आणि आम्हा मुलांना लांबून पाहू देत. पहिली क्रिया ठरलेली : मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढायचा, काडतुसाच्या घरात आधी डोळ्याने पाहायचे, मग करंगळीने चाचपायचे. बंदूक रिकामी आहे हे त्यांना ठाऊक असे. तरीही दर वेळी तेच. "ठाऊक असणं वेगळं आणि पाहिलेलं असणं वेगळं," असे ते म्हणत.

८/ लष्करी साठ्यातून आलेली रायफल ग्रीसमध्ये बुडालेली असते. गंज चढू नये म्हणून ती तशीच वर्षानुवर्षे पेटीत पडून राहते. हे ग्रीस रॉकेलने सुटते. पण केवळ बाहेरून पुसून भागत नाही. काडतुसाच्या घरात ग्रीस किंवा तेल राहिले तर बार उडताना पितळी काडतूस घराच्या भिंतीला घट्ट धरून बसत नाही आणि मागच्या बोल्टवर नको इतका धक्का बसतो. म्हणून नियम असा : ठेवताना तेल, चालवताना कोरडे.

९/ जुन्या .३०३ च्या काडतुसाची खोड निराळी. त्याच्या बुडाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंड. हे मीठ नळीच्या पिळांत बसते, हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाऊ लागते. तेलाने ते जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. त्यावर उपाय एकच : नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतणे. पाणी मीठ नेते आणि तापलेली नळी आपली आपण सुकते. मग कोरडी चिंदी, शेवटी तेलाची चिंदी. आंबट चिरल्यावर विळी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवणाऱ्या आजीला हे रसायनशास्त्र समजावून सांगावे लागले नसते.

१०/ नळी पुसण्याचे साधन म्हणजे पुल-थ्रू : एक दोरी, तिच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंदी अडकवायची फासे. एन.सी.सी.च्या मुलांना मापे पाठ असतात : सफाईला चार बाय दोन इंचांची चिंदी, तेलाला चार बाय दीडची. वजन मागून सोडायचे आणि दोरी पुढून सरळ रेषेत, एका दमात ओढायची. ती तिरकी ओढली तर नळीच्या तोंडाला घासते. वर्षानुवर्षे असे घासत गेले की पोलादी तोंडही अंडाकृती होते आणि नेम चुकू लागतो. दोरी पोलाद कापते, यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने जुन्या विहिरीच्या काठावरचे दगड पाहावेत.

११/ आणखी दोन गोष्टी. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच असावा लागतो, कारण तो बोल्ट त्याच रायफलीसाठी घासून बसवलेला असतो. दहा रायफली एकदम खोलून बोल्टांची अदलाबदल करणे हा गंभीर अपराध. आणि लाकडी दस्त्याला व्हार्निश नव्हे, जवसाचे तेल, तळहाताने चोळून. लाकूड ओल पिऊन फुगले तर नळीवर दाब येतो आणि नेम हलतो.

१२/ ली-एनफिल्डच्या दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीत एक छोटे झाकण असते. ते उघडले की आत पोकळी आणि तीत पुल-थ्रू व तेलाची छोटी बाटली. ज्यांनी ही रायफल योजली त्यांनी निगेचे साहित्य शस्त्राच्या पोटातच ठेवले. साधारण ४ किलो वजनाच्या त्या वस्तूत मला सर्वांत विचारी भाग वाटतो तो हाच.

१३/ हे सारे इंग्रजांनीच शिकवले, असे मात्र समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण वाचावे. पावसाळ्याच्या तोंडी तोफांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत, दारूखान्याला सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, अशा आशयाच्या सूचना तेथे आहेत. सह्याद्रीच्या पावसात राज्य टिकवणाऱ्यांना ठाऊक होते की शत्रू वर्षातून एकदा येतो, गंज रोज येतो.

१४/ हीच परंपरा आज देवळालीत आणि नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात पाहायला मिळते. पायदळाच्या पलटणीला निशाण असते. तोफखान्याला तोफ हेच निशाण. म्हणून तिथे तोफ पुसणे ही हलकी कामगिरी मानली जात नाही. तो मानाचाच एक भाग असतो.

१५/ आता अप्रिय भाग. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या हल्लेखोरांसमोर आपल्या शिपायांच्या हाती लाठ्या आणि .३०३ होत्या. त्यानंतर सगळा दोष ‘जुनाट बंदुकां’वर ढकलला गेला. शस्त्र जुने आणि संथ होते, हे खरेच. परंतु रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी .३०३ नेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हेही खरे. पुढे राम प्रधान समितीपुढे सरावाच्या काडतुसांच्या टंचाईचा मुद्दा आला. सराव नाही म्हणजे बार नाही. बार नाही म्हणजे सफाई नाही. सफाई नाही म्हणजे बंदुकीशी ओळखच नाही. अशा हातात नवे शस्त्र दिले तरी ते लवकरच जुने होते.

१६/ आक्षेप येईल : "हे शस्त्रांचे उदात्तीकरण नव्हे काय?" आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. दसऱ्याला शस्त्रावर हळद-कुंकू वाहून, ते हातात मिरवून छायाचित्र टाकणे हे उदात्तीकरण. दर महिन्याला ते रिकामे आहे याची खात्री करून घेणे ही जबाबदारी. पूजेत शस्त्राकडे पाहून छाती फुगते. सफाईत त्याचे भय नीट कळते. आमच्या शेजारच्या हवालदारांनी आम्हाला एकदाही बंदूक हातात दिली नाही, तरी बंदुकीविषयी जे काही शहाणपण आमच्याकडे आहे ते त्यांच्या त्या सतरंजीवरचे आहे.

१७/ त्यांचीच एक आठवण. एका निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे त्यांनी बंदूक जमा केली. ती परत मिळाली तेव्हा पावसाळा लागला होता. बोल्ट हाताने सरकेना; नळीत उजेडाकडे धरून पाहिले तर तपकिरी ठिपके. जमा करतानाच्या पावतीवर परवान्याचा आणि बंदुकीचा क्रमांक होता, स्थिती लिहिलेली नव्हती. ते कुणावर रागावले नाहीत. चार दिवस पुसत बसले. ठिपके गेले, पण त्यांच्या जागी पडलेले खड्डे गेले नाहीत. खड्डा पडलेली नळी पुन्हा पूर्ववत होत नाही.

१८/ निवडणूककाळात छाननी करून शस्त्रे जमा करण्याची पद्धत योग्यच आहे. पण जी वस्तू राज्य आपल्या ताब्यात घेते तिची निगाही राज्याच्या अंगावर येते. आज्ञापत्रकारांना हे कळत होते. आपल्याला ते कळू नये, असे नाही. आणि हा केवळ मालमत्तेचा प्रश्न नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या पावसात पिकांच्या राखणीसाठी बंदूक बाळगणारा शेतकरी गंजलेल्या, चोंदलेल्या नळीतून बार काढतो तेव्हा पहिला धोका असतो तो त्याच्याच चेहऱ्याला.

१९/ म्हणून माझ्या तीन मागण्या. एक : शस्त्र जमा करतानाच्या पावतीवर नळी, बोल्ट आणि दस्ता यांची स्थिती लिहावी, मालकाला तेल देऊन, गुंडाळून ठेवू द्यावे आणि साठा कोरड्या जागी असावा. दोन : २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे; त्यात सफाई प्रत्यक्ष करून दाखवणे असावे आणि नूतनीकरणाच्या वेळी ते पुन्हा तपासावे.

२०/ तीन : उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी .३०३ ला समारंभाने निरोप दिला. आपल्याकडेही ती हळूहळू मागे पडते आहे. सगळ्याच भट्टीत घालू नयेत. काही कायमच्या निकामी करून जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवाव्यात, आणि नुसत्या काचेआड ठेवू नयेत. शेजारी पुल-थ्रू, तेलाची बाटली, नरसाळे आणि चिंदी मांडावी. ऑलिंपिक कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीचे धडे याच नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. नेमबाज होऊ पाहणाऱ्या मुलांनी या शहरात नेमाआधी निगा पाहावी.

२१/ त्या विद्यार्थ्याला मी उत्तर पाठवले आहे : ती रायफल तुला घेता येणार नाही, आणि ते ठीकच आहे. पण तुझ्या तुकडीच्या शस्त्रागारात जी रायफल तुझ्या हाती येते, ती परत करताना मिळाली तेव्हापेक्षा स्वच्छ करून परत दे. ती सरकारची आहे, उद्या दुसऱ्या मुलाच्या हाती जाणार आहे. त्याचे उत्तर आले : "सर, आमच्याकडे चिंद्या संपल्या आहेत." घरातले जुने सुती धोतर फाडून चार बाय दोनच्या पन्नास चिंद्या त्याला पाठवतो आहे. कुणाकडे आणखी असतील तर जरूर कळवावे.