घराखालचें घर

ज्यांचे मुलगे-सुना किंवा मुली-जांवई ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं राहतात, अशा वाचकांस आजचा विषय दूरचा वाटणार नाहीं. इतरांनींही तो वाचावा. कारण जुन्या वास्तूच्या पोटांत नवी खोली काढण्याचा मोह सर्वत्र सारखाच असतो.

ब्रिस्बेन ज्या क्वीन्सलँड राज्यांत आहे, तेथील जुनें घर लांकडाचें असतें. वर पन्हळी पत्र्याचें छप्पर, पुढें रुंद पडवी, आणि सर्व डोलारा जमिनीपासून उंच अशा खुंटांवर उभा. अशा घरास तेथें क्वीन्सलँडर म्हणतात. आपल्या कोंकणांतील घरासही उंच जोतें असतें. परंतु तें दगडमातीनें भरलेलें, आणि हें पोकळ. ही पोकळी निरर्थक नव्हे. तिच्यामुळें उतरणीची जमीन न तासतां घर समपातळींत बसतें. खालून वारा खेळतो. पुराचें पाणी आलें तर राहत्या खोल्यांस सहसा न शिवतां निघून जातें. आणि वाळवी चढूं लागली तर तिचा मातीचा माग डोळ्यांना दिसतो. ह्यासाठींच खुंटाच्या माथ्यावर पत्र्याची टोपी बसवितात. ती वाळवीस मारीत नाहीं. वळसा घालावयास लावून तिला उघडी पाडते.

म्हणजे जी जागा रिकामी दिसते ती चार कामें करीत असते. तेथें खोली काढावयाची तर त्या चारही कामांची दुसरी सोय केली पाहिजे. कायद्याचे नियम पुष्कळांस जाच वाटतात. पण बारकाईनें पाहतां त्यांतील बहुतेक ह्या सोयीचेच आहेत, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम उंचीचा विचार करूं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें निजण्याबसण्याच्या खोलीची उंची निदान २.४ मीटर, म्हणजे सुमारें ७ फूट १० इंच असावी लागते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठी व गाडीखाना ह्यांस २.१ मीटर पुरते. हें माप तयार जमिनीपासून तयार छतापर्यंतचें होय. मातीपासून तुळईपर्यंत दोरी लावून समाधान मानणाऱ्यांची येथेंच फसगत होते. कारण काँक्रीटचा कोबा व वरचें छत हीं दोन्ही मिळून कांहीं इंच खातात. उंची अपुरी असेल तर त्या जागेंत पलंग टाकला, पडदे लावले, तरी कायद्याच्या दृष्टीनें ती शयनगृह होत नाहीं.

उंची वाढविण्याचे मार्ग दोन. एक, जॅक लावून सबंध घर उचलणें. दुसरा, खालची जमीन खणणें. उचलतांना जुने खुंट काढून बहुधा पोलादी खांब घालतात. नळ, मोऱ्या, विजेच्या तारा व जिने हीं सर्व पुन्हा जुळवावीं लागतात. खणणें स्वस्त भासतें, परंतु त्यानें खांबांचा पाया उघडा पडूं शकतो, माती धरण्यास भिंत लागते, आणि पावसाचें पाणी त्या खळग्याकडेच धांवतें. शेजाऱ्याच्या जमिनीचा आधारही ढळतां कामा नये. दोन्ही मार्गांत अभियंत्याचा नकाशा आधीं व कुदळ मागून. शिवाय ब्रिस्बेनच्या अनेक जुन्या वस्त्यांत १९४६ सालीं वा तत्पूर्वीं बांधलेल्या घरांचें पारंपरिक रूप जपण्याचे नियम आहेत. म्हणून दर्शनी बाजूस हात लावण्यापूर्वीं नगर कौन्सिलकडे विचारणा अवश्य करावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहरांतील मापस्तंभावर ब्रिस्बेन नदी १८९३ सालीं ८.३५ मीटर, १९७४ सालीं ५.४५, २०११ सालीं ४.४६ आणि २०२२ सालीं ३.८५ मीटर चढली होती. हे आकडे नदीचे. प्रत्येक घराचें गणित निराळें. २०२२ सालीं तर नदीइतकाच लहान ओढ्यांनींही उपद्रव दिला, आणि ओढ्याचें पाणी फार झपाट्यानें चढतें. कौन्सिलकडून प्रत्येक मालमत्तेचा पूरविषयक अहवाल विनामूल्य मिळतो; त्याचें नांव फ्लडवाइज. तो न वाचतां खालीं एक वीटही रचूं नये. जागा पुराच्या टप्प्यांत असेल तर तेथें गाडी ठेवावी, कपडे धुवावे, मुलांनीं खेळावें. विजेची पेटी मात्र वर न्यावी, आणि कोणाचेंही अंथरूण खालीं घालूं नये.

तिसरी गोष्ट कारागिरांची. ३,३०० डॉलरांवरील बहुतेक बांधकामास राज्याच्या बांधकाम आयोगाचा परवानाधारक लागतो. मालकानें ११,००० डॉलरांवरील काम स्वतः अंगावर घ्यावयाचें तर त्यास निराळी परवानगी काढावी लागते. आणि अशा कामास राज्याच्या गृह-हमी योजनेचें संरक्षण नसतें. बांधकामाची मंजुरी सर्टिफायर देतो व शेवटीं पूर्णतेचा दाखलाही तोच देतो. नळ व मोऱ्यांची मंजुरी वेगळी. १९९० पूर्वींच्या घरांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे असण्याचा संभव असतो. त्यावर तेथें पूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ रोजीं आली. म्हणून तपासणी झाल्यावांचून कोणत्याही जुन्या पत्र्यावर करवत चालवूं नये. प्रत्येक शयनगृहांत, एक वाजतांच सर्व वाजतील अशा जोडलेल्या धूरघंटाही लागतात. विकल्या वा भाड्यानें दिल्या जाणाऱ्या घरांस हा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागला. उरलेल्या घरांसाठीं १ जानेवारी २०२७ ही तारीख ठरली आहे.

घर विकत घेणारांस एक विशेष सूचना. १ ऑगस्ट २०२५ पासून क्वीन्सलँडमध्यें विकणारानें लेखी प्रकटन-पत्र देणें आवश्यक झालें आहे. पण त्यांत पुराचा इतिहास, बांधणीची मजबुती व पूर्वींच्या बांधकाम-मंजुऱ्या सांगण्याचें बंधन त्याजवर नाहीं. तेव्हां खालच्या मजल्याचा मंजूर नकाशा व पूर्णतेचा दाखला घेणारानेंच मागितला पाहिजे. "पूर्वींपासून असेंच आहे" हें उत्तर दाखला नव्हे.

आतां आमच्या वयाच्या वाचकांस दोन शब्द. परदेशीं गेलेल्या आईबापांस जिना चढावा लागूं नये म्हणून मुलें त्यांना खालची खोली देतात. हेतु निर्मळ असतो, आणि म्हणूनच आपण विचारावयास संकोचतों. मुलाच्या घरीं जाऊन त्याच्या कागदांची चौकशी कशी करावी, असें वाटतें. परंतु अपुऱ्या उंचीच्या, धूरघंटा नसलेल्या, पुराच्या वाटेवरील खोलींत रात्रीं निजणारीं आपणच असतों. आणि पाणी आलें तर सर्वांत सावकाश उठणारींही आपणच. मग मुलानें आयुष्यभर मनास लावून घ्यावें, ह्यापेक्षां आपण आधींच विचारलेलें बरें.

तरी पोंचल्यावर चहा घेतांना सहज विचारावें, "बाबा रे, ह्या खोलीस मंजुरी आहे ना? येथें पाणी कोठवर आलें होतें?" सुजाण मुलास ह्याचा राग यावयाचा नाहीं. उत्तर समाधानकारक असेल तर खालीं स्वस्थ निजावें; नसेल तर चार पायऱ्या चढून वरच्या दिवाणखान्यांत अंथरूण घालावें. मुलांनींही तें मनास लावून घेऊं नये. गुडघे दुखतात हें खरें. पण दुखऱ्या गुडघ्यांस औषध आहे.