खुर्ची स्त्रीची, किल्ली मालकाची

संचालक मंडळांवर स्त्रिया आल्या की कंपन्यांची कर टाळण्याची वृत्ती कमी होईल, असे मत अलीकडे अभ्यासकांच्या व भांडवलदारांच्या वर्तुळांत मांडले जाते. स्त्रिया कायद्याला धरून चालतात व जोखीम टाळतात, हे त्यामागचे गृहीतक. परंतु कर टाळणे हा स्वभावाचा प्रश्न आहे, की मालकीचा? याचे उत्तर शोधण्यासाठी खालापूर तालुक्याबाहेर जावे लागत नाही.

पाताळगंगेच्या काठी १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. कंपनीचा नफा वाढला, लाभांश वाटला गेला. तरीही ती वर्षानुवर्षे ‘शून्य कर कंपनी’ म्हणून ओळखली जाई. यात बेकायदा काही नव्हते. नव्या यंत्रांचा घसारा, गुंतवणुकीवरील सूट, कर्जाचे व्याज यांच्या वजावटी एवढ्या होत की भागधारकांना दिसणारा नफा प्राप्तिकर खात्यासमोर उरतच नसे. १९८७ मध्ये सरकारने पुस्तकी नफ्यावर कर बसविला, तो काही वर्षांतच मागे घेतला. १९९६ मध्ये किमान पर्यायी कर आला, तेव्हा कुठे ते बिरुद गेले. म्हणजे बदल घडला तो कायद्याने, संचालकांच्या सद्बुद्धीने नव्हे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांवर किमान एक स्त्री संचालक बंधनकारक केली. सेबीने त्यासाठी १ एप्रिल २०१५ ही मुदत ठरविली. अनेक कंपन्यांनी मालकाच्या घरातीलच स्त्री मंडळावर बसवून हा नियम पाळला. रिलायन्सच्या मंडळावर जून २०१४ मध्ये आलेल्या पहिल्या स्त्री संचालक नीता अंबानी या अध्यक्षांच्या पत्नी होत. त्यांच्या योग्यतेचा येथे प्रश्न नाही. मालकाच्या कुटुंबातील व्यक्तीने मालकालाच जाब विचारावा ही अपेक्षा व्यवहार्य आहे काय, हा प्रश्न आहे. पुढे सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांत एक स्वतंत्र स्त्री संचालक सक्तीची केली : २०१९ पासून पहिल्या ५०० कंपन्यांत, २०२० पासून पहिल्या १००० कंपन्यांत. हे पाऊल योग्यच. परंतु हिशेब जेथे तपासले जातात त्या लेखापरीक्षण समितीवर स्त्री असलीच पाहिजे, असे कायदा आजही म्हणत नाही.

दरम्यान सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले. कर टाळण्याची तसदीही मग कमीच उरते! याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी या ठाकूर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता. बचाव पथके डोंगर पायी चढून गेली. या दुर्घटनेचा धागा एखाद्या कंपनीच्या कराशी जोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु कारखान्यांच्या तालुक्यात वाडीला रस्ता का मिळत नाही, हा प्रश्न सार्वजनिक तिजोरीचा आहे आणि ती तिजोरी करांनीच भरते.

तेव्हा स्त्री संचालकाची मागणी सोडून न देता ती पुढे नेली पाहिजे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व ‘४३ क’ या अनुच्छेदात घातले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षी मंडळांत निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा केला. आपल्याकडचे तत्त्व मात्र कागदावरच राहिले. खोपोली, रसायनी, कर्जतच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांतून निवडून आलेली प्रतिनिधी मंडळावर आली पाहिजे. ती कंत्राटी कामगार असली तर प्रश्न विचारल्यावर दुसऱ्या दिवशीही तिचे काम टिकेल, याची हमी कायद्याने दिली पाहिजे. तसेच प्रत्येक कारखान्याने किती कर भरला व किती सवलती घेतल्या, हे तालुक्याच्या ठिकाणी मराठीत जाहीर झाले पाहिजे.

हे घडले तरच मंडळावरील स्त्रीच्या हाती जाब विचारण्याचे बळ येईल. कर्जत-खालापुरातील कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभांत या मागण्यांपासून आरंभ करावा.