फ्री सर्व्हिस संपल्या, आता गाडी शोरूमला टाकायची की उस्तादकडे?

२२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या टू-व्हीलरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्या दसरा-दिवाळीत बऱ्याच घरांसमोर नवी गाडी उभी राहिली. आता त्या गाड्यांच्या फ्री सर्व्हिस संपत चालल्यात, आणि एमएच-२२ वाल्यांच्या घरात जुनाच वाद नव्याने सुरू झालाय. बाबा म्हणतात, "जिंतूर रोडच्या आपल्या उस्तादकडं टाक, वीस वर्षं झाली त्याच्याकडंच जातोय." शोरूमचा माणूस म्हणतो, "बाहेर कुणी हात लावला तर वॉरंटी गेली समजा." आणि तुम्ही मधे, हातात मोबाईल घेऊन.

खरं सांगायचं तर दोघंही अर्धंच खरं बोलतायत. मला दोन्हीकडचा अनुभव आहे. एका सर्व्हिस सेंटरने माझ्या स्कूटरच्या लागोपाठ दोन बिलांवर न विचारता "इंजेक्टर क्लीनिंग" लावलं होतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर ती ओळ गुपचूप निघाली. आणि एका मिस्त्रीने ऑइल बदलताना बोल्ट इतका आवळला की त्याचे आटेच गेले. त्यामुळे "शोरूम लुटतं" किंवा "मिस्त्री अडाणी" अशी सरळ विभागणी करून चालत नाही. बघायचं ते एवढंच, की बिघाड कोणत्या प्रकारचा आहे आणि तो शोधायचं साधन कोणाच्या हातात आहे.

उस्तादचा कान आणि गाडीचा कॉम्प्युटर

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि पेट्रोल टू-व्हीलरमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. कार्बोरेटर म्हणजे पूर्ण यांत्रिक कारभार. उस्ताद गाडी रेस करायचा, आवाज ऐकायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, गाडी जागेवर. एफआय गाडीत हवा-पेट्रोल जमवायचा तो स्क्रूच नाही. पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. थ्रॉटल किती उघडलंय, इंजिन किती तापलंय, सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे त्याला सेन्सर कळवत असतात. काही बिनसलं की मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि ईसीयू एक कोड साठवून ठेवतो. तो कोड वाचायला स्कॅनर लागतो. वीस वर्षं कानावर काम केलेला माणूस इथं अडतो, त्याचं कौशल्य कमी पडलं म्हणून नाही, तर मशीन त्याच्याशी बोलतच नाही म्हणून.

कार असेल तर स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलच्या अ‍ॅपवर तुम्ही स्वतः कोड बघू शकता. बीएस-६ बाईकचं सॉकेट वेगळं, सहा पिनांचं. कारचा डोंगल त्यात थेट बसत नाही, अ‍ॅडॅप्टर केबल लागते. आणि ती लावली तरी प्रत्येक गाडी प्रत्येक अ‍ॅपला दाद देईलच असं नाही.

पण इथं एक गल्लत शोरूममध्येही होते आणि गॅरेजमध्येही. कोड म्हणजे निदान नव्हे. समजा पी०१७१ आला. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. कारण काहीही असू शकतं: इंजिनकडे हवा नेणाऱ्या रबरी पाइपला चीर गेली असेल, पेट्रोल पंप कमजोर झाला असेल, इंजेक्टर चोंदला असेल, नाहीतर सेन्सरच खोटं सांगत असेल. कोड बघितल्या बघितल्या "सेन्सर बदलावा लागेल" म्हणणारा माणूस पांढऱ्या शर्टात असो की ऑइलने माखलेल्या, तो अंदाजच मारतोय. तसंच, स्कॅनरवरून कोड पुसला आणि दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असंही नाही. कारण जागेवरच असेल तर पुढच्या काही फेऱ्यांत दिवा परत लागतो. म्हणून गाडी कुठेही टाका, एक सवय लावा: "कोड कोणता आला?" असं विचारा आणि स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

साधनं गॅरेजपर्यंत का पोचत नाहीत?

स्कॅनर विकत घेता येतो, मग उस्ताद घेत का नाही? काही जण घेतातही, पण सगळ्या कंपन्यांचं सगळं काम करणारा स्कॅनर महाग पडतो. त्यापलीकडे दुसरी अडचण आहे, आणि त्यावर देशात एक मोठी केस झालीय. २०११ साली एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाकडे प्रकरण सुरू झालं. तक्रार अशी, की कार कंपन्या ओरिजनल स्पेअर पार्ट आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात येऊच देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत सेंटरशिवाय पर्याय उरत नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात टाटा मोटर्स, मारुती सुझुकी, महिंद्रा अशी आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारी नावं होती. सुट्या भागांवरची किंमतवाढ साधारण १०० टक्क्यांहून जास्त आणि काही भागांवर तर ५,००० टक्क्यांच्या आसपास असल्याचं आयोगाने नोंदवलं. पार्ट आणि साधनं स्वतंत्र गॅरेजना सहज मिळाली पाहिजेत, पार्टच्या किमती वेबसाइटवर दिसल्या पाहिजेत, असे आदेशही होते.

कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण कोर्टात लांबत राहिलं. दरम्यान २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. वॉरंटीच्या अटी, सर्व्हिसची माहिती एका जागी शोधायला ते बरं आहे. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि गंगाखेडच्या मिस्त्रीच्या हातात चालणारा स्कॅनर असणं वेगळं.

"बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली"

हे वाक्य २०१४ च्या त्याच आदेशात तपासलं गेलंय. गाडी बाहेर दाखवली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट कंपन्यांनी घालू नये; बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं आयोगाने म्हटलं. हा आदेश कार कंपन्यांपुरता होता, पण त्यातलं तत्त्व साधं आणि पटण्यासारखं आहे. मिस्त्रीने पंक्चर काढलं किंवा ब्रेक शू बदलले म्हणून मीटरच्या डिस्प्लेची वॉरंटी जावी, याला काही अर्थ नाही. शिवाय ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन, केबल, बल्ब हे झिजणारे भाग वॉरंटीत बहुतेक वेळा नसतातच. जे वॉरंटीत नाही, ते बाहेर केल्याने काय जाणार?

तरीही माझं मत विचाराल, तर वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच करा. आदेश तुमच्या बाजूने आहे म्हणून काउंटरवरचा माणूस लगेच ऐकेल असं नाही. तिथं तुम्हाला भांडावं लागेल, आणि हजार-दोन हजार वाचवण्यासाठी इंजिनच्या दाव्यावर भांडण ओढवून घेणं परवडत नाही. बऱ्याच बाईक कंपन्या आता पाच वर्षांची वॉरंटी देतात, पण वेळेवर सर्व्हिस केल्याची नोंद मागतात. पालम किंवा सोनपेठच्या खेड्यातून त्यासाठी जिल्ह्याला गाडी आणायची म्हणजे रोजगाराचा दिवस मोडतो, हेही खरं. त्यांनी निदान एवढं करावं: सर्व्हिस सेंटरला, मधली किरकोळ कामं गावातल्या मिस्त्रीकडे.

वॉरंटी संपल्यावर मात्र माझा कौल उस्तादकडे झुकतो. क्लच, ब्रेक, चेन सेट, बेअरिंग, सस्पेन्शन या कामात रोज दहा गाड्या खोलणारा हात सर्व्हिस सेंटरच्या नव्या पोरापेक्षा सरस असतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना तर तोच वाली. ई-२० पेट्रोलवरून गदारोळ झाला तेव्हा, ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने म्हटलं होतं, की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्तात होतं. असं काम कोणताही चांगला मिस्त्री करतो.

एका बाबतीत मात्र सेंटरलाच जावं लागतं

ती बाब म्हणजे रिकॉल. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने २,३६,९६६ मोटरसायकली परत बोलावल्या, कारण इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. त्यामुळे गाडी मिसफायर व्हायची, ताकद कमी व्हायची, क्वचित शॉर्टसर्किटचाही धोका होता. आता अशी गाडी गॅरेजला गेली तर काय होतं? प्लग बदलला जातो, मग पेट्रोलला दोष दिला जातो, मग आणखी काहीतरी. दोष कारखान्यातून आलाय हे मिस्त्रीला कोण सांगणार? रिकॉलचं काम कंपनी फुकट करते. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून तुमची गाडी त्यात आहे का ते बघता येतं. एकच दोष परत परत येत असेल तर पैसे घालण्याआधी ही पाच मिनिटं द्या. सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यांनी तर आधी हेच करावं.

इलेक्ट्रिकवाल्यांची वेगळी कोंडी

इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ब्रेक-टायर सोडले तर बहुतेक दुरुस्ती सॉफ्टवेअर, बॅटरी आणि कंट्रोलरची. तिथं सेंटर नाही तर काहीच नाही, अशी अवस्था होते. १ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ओला इलेक्ट्रिकबद्दल १०,६४४ तक्रारी आल्या. त्यातल्या ३,३८९ सर्व्हिसला उशीर होण्याच्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस दिली. बहुतेक तक्रारी सोडवल्या असं कंपनीचं उत्तर होतं. त्यानंतर २०२५ मध्ये ओलानेच ओरिजनल पार्ट ग्राहकांसाठी आणि बाहेरच्या गॅरेजसाठी खुले करण्याची घोषणा केली. ज्या गोष्टीसाठी कार कंपन्या दहा वर्षं कोर्टात लढल्या, ती एका कंपनीला सर्व्हिस सेंटरमधल्या गर्दीमुळे करावी लागतेय, ही गंमतच. इलेक्ट्रिक गाडी घेताना रेंज विचाराच, पण आधी हे विचारा: सेंटर परभणीत आहे, की नांदेडला?

मिस्त्री निवडताना, आणि बिलाबद्दल

नवीन मिस्त्रीकडे पहिल्यांदा मोठं काम देऊ नका. ऑइल किंवा ब्रेक शूसारखं छोटं काम द्या आणि बघा: जुना पार्ट न मागता हातात देतो का, पाकीट तुमच्यासमोर फोडतो का. पाकिटावर एमआरपी असते. काही कंपन्यांच्या पाकिटावर स्कॅन करून खरं-खोटं तपासायचा कोडही असतो. मोबाईल खिशातच आहे, वापरा. "मला हे कळत नाही, शोरूमला दाखवा" असं कधीतरी म्हणणारा मिस्त्री मला जास्त भरवशाचा वाटतो.

बिल मागायला आपल्याकडे लाज वाटते, विशेषतः ओळखीच्या उस्तादकडे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापार पद्धत आहे. छोट्या गॅरेजकडे जीएसटी नंबर नसेल तरी तारीख, गाडी नंबर, काम आणि रक्कम लिहिलेला साधा कागद चालतो; मात्र नंबर नसताना बिलात जीएसटी लावला असेल तर तो देऊ नका. आणि हा कायदा दोघांना सारखाच लागू आहे. काम बिघडलं तर आधी १९१५ वर तक्रार करा. तिथं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो, मुदत दोन वर्षांची.

आणि हो, बिल आणि जॉब कार्ड मिळालं की लगेच फोटो काढून मोबाईलमध्ये एका फोल्डरला टाका. बऱ्याच ठिकाणी ते थर्मल कागदावर छापतात, आणि परभणीच्या उन्हात सीटखाली ठेवलेल्या त्या कागदावर एका उन्हाळ्यानंतर काहीच वाचता येत नाही.