वहीत न चढलेले विजय

‘फुटबॉल हा बंगाल्यांचा व गोमंतकीयांचा खेळ; महाराष्ट्रास त्याचा इतिहासच नाही,’ असे आमचे सुशिक्षित बंधू खुशाल म्हणतात. हे मत निव्वळ अज्ञानमूलक होय. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत १८९१ सालीच सुरू झाली. पुढे मुंबईच्याच महिंद्रा युनायटेड संघाने अंतिम सामन्यात २००३ साली कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगला व २००५ साली गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबला नमवून फेडरेशन चषक पटकाविला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही जिंकली. २०१० साली मालकांनी संघ मोडला. तो अधिकार त्यांचा होता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु संघाबरोबर त्याचे सामनेही विसरण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मोहन बागानने १९११ साली ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरविले. तो २९ जुलैचा दिवस बंगालात आजही साजरा होतो. पराक्रम थोर खराच. पण तो जपणारेही तेथे निघाले.

आम्ही पंढरपूरकर. येथील क्षेत्रोपाध्यायांनी यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत नोंदविल्या. त्याच महाराष्ट्रात खेळाडूंसाठी एक वही निघू नये काय? कोल्हापुरात तालमींचे संघ आजही ईर्षेने खेळतात; त्यांचे जुने सामने डोळ्यांनी पाहिलेले वृद्ध हयात आहेत. त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात. त्यानंतर इतिहास नाही असे म्हणण्याचे धाडस खुशाल करावे.