पिशवीचे वजन आणि पाण्याचा हिशेब

गेल्या महिन्यात एका रविवारी बुद्धवंदना आटोपल्यावर विहारातच सहलीची बैठक बसली. सहल म्हटली की आपल्याकडे लक्झरी बस, मागे पातेली, पुढे लाऊडस्पीकर आणि संध्याकाळी परत. यंदा मात्र तरुण मुलामुलींनी वेगळाच हट्ट धरला. लोणावळ्याला उतरायचे, पाठीवर पिशव्या घेऊन राजमाचीपर्यंत चालत जायचे, रात्री उधेवाडीजवळच्या माळावर तंबूत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेणी पाहून कर्जतला उतरायचे. लॉज नाही, दिवा नाही, नळ नाही आणि संडास नाही.

बैठकीत एक ज्येष्ठ बंधू उठले. त्यांची सगळी उमर गोदीत हमाली करण्यात गेली. ते म्हणाले, "आम्ही पोटासाठी ओझी वाहिली. आता आमची नातवंडं वर्गणी भरून ओझी वाहणार काय?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण रात्री घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आपल्या बापजाद्यांच्या पाठीवरचे ओझे दुसऱ्याचे होते. ते कुठे न्यायचे आणि कुठे टाकायचे, हे दुसराच सांगायचा. मुलांच्या पाठीवरची पिशवी त्यांची स्वतःची आहे, एवढाच फरक आम्हांला सुचला. पुढच्या बैठकीत तो आम्ही त्यांना बोलून दाखवला. "बरं, बरं," एवढेच ते म्हणाले. त्यांना तो पटला असे मात्र आम्ही लिहिणार नाही.

खरी अडचण दुसरीच होती. गेल्या हिवाळ्यात आम्ही अशीच पंचवीसेक जणांची तुकडी एका किल्ल्यावर नेली होती. आम्ही पडलो कारकून माणूस. भाकऱ्या मोजल्या, बाटल्या मोजल्या, चढताना आणि उतरताना डोकी मोजली. दुपारी चारच्या सुमारास पंधरा वर्षांची एक मुलगी वाटेतच चक्कर येऊन पडली. ओठ सुकलेले, हातपाय गार. तिची पाण्याची बाटली पाहिली तर जवळजवळ भरलेली. मोठ्या मुलींनी खोदून विचारल्यावर कळले की, लघवीला कुठे जायचे हे कोणाला विचारावे ते न कळल्याने तिने सकाळपासून दोन घोटांपलीकडे पाणीच घेतले नव्हते. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजले. सावलीत तासभर निजवले, तेव्हा ती उठून बसली. थोडक्यात निभावले.

तिला घरी पोहोचवायला गेलो, तेव्हा तिची आई दारातच उभी होती. म्हणाली, "दादा, तुम्ही भाकरी मोजली, माणसं मोजली. पोरींनी बसायचं कुठं, हे नाही मोजलं." आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

म्हणून यंदाच्या बैठकीत एक-दोघांनी "मुलींची सोय होत नाही, तर मुलींना नेऊच नका," अशी सूचना मांडली, तेव्हा आम्ही तिला स्पष्ट विरोध केला. सोय होत नसेल तर ती करायची, मुली वगळायच्या नाहीत. आता ती सोय कशी करायची, ते इथे सविस्तर लिहितो. कुटुंबाच्या पानावर असले लिहू नये असे कोणाला वाटले तर वाटो.

तुकडीत दोन जाणत्या बाया हव्यात आणि मुलींच्या बाबतीत त्यांचाच शब्द अखेरचा. दर तासा-सव्वा तासाने थांबायचे. थांबल्यावर पुरुषांनी वाटेवर पुढे जाऊन पाठ फिरवून बसायचे. मुलींना कोणाला काही विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. मुक्कामाला दोन जुनी लुगडी आणि सुतळी घेऊन झाडांच्या आडोशाने दोन जागा करायच्या, मुलींची एका अंगाला आणि पुरुषांची दुसऱ्या अंगाला. पाणवठ्यापासून किमान ऐंशी पावले दूर जायचे. खुरप्याने वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर माती लोटून बुजवायचा. मासिक पाळीचे कपडे किंवा पॅड तिथे पुरायचे नाहीत. ते कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीतून परत आणायचे. ही पिशवी आळीपाळीने सगळ्यांनी वाहायची, मुलग्यांनीसुद्धा. यावर मुलगे आधी खाली पाहू लागले, पण नाही कोणी म्हटले नाही.

आता पाणी. माणशी तीन लिटर, आणि प्रत्येकाचे प्रत्येकाच्या पाठीवर. सगळे पाणी दोघा दणकट पोरांकडे द्यायचे नाही. ती पोरे मागे राहिली तर सगळी तुकडी कोरडी पडते. तीन लिटर म्हणजे तीन किलो. नवख्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझे घेऊ नये. पन्नास किलोच्या मुलाला दहा किलो ही हद्द झाली, सात-आठ बरे. म्हणजे पाणी सोडून चार-पाच किलोच उरतात. त्यात पांघरूण, स्वेटर, एक जोड कपडे, ताट-वाटी, बॅटरी, शिट्टी, कोरडा खाऊ आणि तंबूचा वाटा. जानेवारीत त्या माळावर रात्री थंडी अंगात शिरते, तेव्हा पांघरूण टाळू नये. टाळायचे ते बाकीचे. एका पठ्ठ्याने यादीत क्रिकेटची बॅट आणि गाण्याचा स्पीकर लिहिला होता. दोन्ही खोडले. महागड्या सॅक कोणी विकत घेऊ नयेत. शाळेचे मजबूत दप्तर चालते. आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी घातली की कपडे दवाने ओले होत नाहीत.

सामानाची यादी करताना मुलांना आम्ही भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांची आठवण दिली. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंध, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. पावसाचे तीन महिने सोडले तर बाकी वर्षभर भिक्खूंची चारिका चाले आणि तेवढ्या सामानावर माणूस गावोगाव फिरे. आठांतली एक वस्तू केवळ पाणी गाळण्यासाठी आहे, हे मुलांना फार नवल वाटले. आम्हीही फडके घेणार आहोत. गाळलेले पाणी सकाळी उकळूनच बाटल्यांत भरायचे.

गॅसची शेगडी किंवा रॉकेल रेल्वेने नेता येत नाही, तो गुन्हा आहे. आम्ही पहाटेच्या इंद्रायणीने जाणार, म्हणून स्वयंपाकाचा बेत बदलला. दुपारी घरची चपाती-चटणी, वाटेत शेंगदाणे, गूळ, खजूर. रात्रीचे पिठले-भाकरी उधेवाडीतल्या एका घरी पैसे देऊन. सकाळी पोहे आम्हीच करू, त्यासाठी सरपण गावातूनच विकत घ्यायचे, झाड तोडायचे नाही. माणसे सव्वीस, माणशी ऐंशी ग्रॅम, म्हणजे पोहे दोन किलोंच्या वर थोडे.

गावात जेवायचे ठरले तेव्हा त्याच ज्येष्ठ बंधूंनी हळूच विचारले, "त्यांच्या पाण्यावर जायचं, त्यांच्या घरी जेवायचं. आपण कोण, ते आधी सांगणार की नाही?" तरुण मुले चमकून पाहू लागली. हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा वहीम नव्हे. 1934 साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने अंग धुळीने भरलेले, म्हणून मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या तळ्यावर हातपाय धुतले. एवढ्यावरून तळे बाटवले म्हणून लोक अंगावर धावून आले. पुढे किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे. तीसेक माणसे, लेणी, किल्ला आणि पाणी. आमचीही सहल तशीच.

म्हणून आम्ही त्याच बैठकीत सर्वांसमक्ष उधेवाडीतल्या त्या घरी फोन लावला. सुरुवातच "जयभीम" म्हणून केली. नाव सांगितले, वस्ती सांगितली, विहारातून येतो आहोत असे सांगितले. पलीकडून बाईंचा आवाज आला, "किती माणसं? भाकरी माणशी दोन की तीन?" आम्ही तीन सांगितल्या. ज्येष्ठ बंधूंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. विहिरीवर मात्र विचारूनच जायचे असे ठरले. ते मात्र वेगळ्या कारणाने. डोंगरावर पाणी मोजके असते आणि पाहुण्यांनी ते उपसून गावाला पुढे तोटा पाडू नये.

मुलांचा आणखी एक हट्ट होता. लेण्यांतच मुक्काम करू, भिक्खू राहत होते मग आपण का नको? आम्हांला ही कल्पना मनातून आवडली होती, खोटे कशाला बोला. पण कोंढाण्याची लेणी संरक्षित स्मारक आहेत. तिथे रात्री राहता येत नाही, चूल पेटवता येत नाही. धूर झाला की दगड काळा पडतो आणि कड्यावरचे आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नसते. म्हणून मुक्काम वर माळावर आणि लेण्यांत फक्त दिवसा. चैत्यगृहात त्रिसरण-पंचशील म्हणायचे. मेणबत्ती-अगरबत्ती नाही, फुलेसुद्धा नाहीत.

त्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एका मूर्तीचा भग्न अवशेष आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराने आपले आणि आपल्या गुरूचे नाव तेवढे ठेवले. वेल्डिंग आणि गवंडीकाम करणाऱ्यांची मुले आहेत आमच्या तुकडीत. त्यांना ती ओळ हात न लावता जवळून दाखवायची आहे.

चालण्याबद्दल थोडे. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने राजमाची पंधरा किलोमीटरांच्या वर भरते. वाट बहुतेक सपाट आहे, पण नवख्यांना सहा तास धरावेत. नऊला निघालो तर उजेडी तंबू उभे राहतात. पुढे एक वाटाड्या, सर्वांत मागे एक जबाबदार माणूस, आणि मागच्याच्या मागे कोणी नाही. चाल सर्वांत हळू माणसाची. आम्ही गेल्या वेळी पुढे चाललो होतो, यंदा मागे चालणार. दुसऱ्या दिवशी कोंढाण्याकडचा उतार तीव्र आहे, गुडघ्यांवर येतो. त्यामुळे साठीपुढच्यांना आम्ही कोंदिवड्याहून सरळ लेण्यांत यायला सुचवले आहे. तिथून सगळ्यांनी मिळून रिक्षाने कर्जत गाठायचे. सर्वांची नावे आणि घरचे फोन यांची एक प्रत विहारात राहील, कारण डोंगरात मोबाईलचा भरवसा नाही. दारू, गुटखा नाही. हे आपल्या लोकांना सांगायला लागू नये, तरी सांगितले.

तारीख 1 जानेवारीनंतरच्या, पौर्णिमेजवळच्या शनिवारची ठेवली आहे. 6 डिसेंबर आणि भीमा-कोरेगाव होईपर्यंत कार्यकर्त्यांना उसंत नसते, आणि चांदण्याचा उजेड फुकट मिळतो. तंबू भाड्याचे, चार माणसांचे सात. तीन तंबूंत अकरा महिला व मुली, चारांत पंधरा पुरुष. वर्गणी माणशी साडेचारशे, पण पाकीट बंद घ्यायचे. कोणी जास्त घालील, कोणी कमी. कोणी किती दिले याची यादी फळ्यावर लागणार नाही. देणगीदारांची नावे पुकारायची आपल्याला फार सवय झाली आहे. इथे ती मोडू.

गेल्या वर्षीच्या त्या मुलीच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. सगळी योजना तिच्या आईपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. खुरप्याची ओळ वाचून म्हणाल्या, "एक खुरपं पुरायचं नाही, दोन घ्या." मग थोड्या वेळाने, "जाणत्या बाया दोन म्हणता. एक ठरली का?" आम्ही म्हटले, एक ठरली आहे, दुसरी शोधतो आहोत. त्या म्हणाल्या, "मग लिहा माझं नाव. पिशवी किती किलोची घेऊ?"

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला सर्वांनी भरलेल्या पिशव्या घेऊन विहारासमोर जमायचे आहे. दहा किलोमीटरांची सराव-फेरी होईल. बूट नवे घातले असतील तर आधी चार दिवस घरात वापरून घ्यावेत. वजनाचा काटा भंगारवाल्या काकांनी दिला आहे. तो साताच्या आत परत करायचा आहे, तेव्हा उशीर करू नये.