पाटी बदलून उतार कमी होत नाही

पुण्यात महामार्गावरून नवले पुलाकडे उतरणाऱ्या टप्प्यावर वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटरवरून ३० वर आणण्यात आली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन अवजड वाहनांच्या मध्ये सापडलेली मोटार पेटली, आठ जीव गेले आणि यंत्रणेने तातडीने काय केले, तर पाटीवरचा आकडा बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना ठोकरले, तेव्हाही खापर चालकावरच फुटले. दोष रस्त्याच्या आखणीत आहे, हे मान्य करायला आणखी किती बळी हवेत?

महामार्ग एका ठरावीक वेगासाठी आखतात. त्या वेगावरून वळणाची त्रिज्या, वळणावर बाहेरच्या कडेला द्यायची उंची, चालकाला पुढचे किती दिसावे आणि उतार किती असावा, हे सारे ठरते. जमिनीचा चढउतार आणि वाहतूक किती, कसली, हेही त्यात धरावे लागते. सपाट किंवा सौम्य चढउताराच्या प्रदेशात ३० मीटरला १ मीटरहून तीव्र उतार सहसा देऊ नये, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मानके सांगतात. कारण उघड आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, उतारावर त्याहून जास्त. लांबलचक उतारावर ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या चालकाला माफी नकोच. पण माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच रस्ता आखायचा असतो.

नवले पुलावरून जाणारा हा महामार्ग पुण्याला वळसा घालण्यासाठी बांधला. पुढे आंबेगाव, नऱ्हे, वडगाव वाढत गेले, इमारतींना परवानग्या मिळत गेल्या. सेवा रस्ते मात्र सलग झाले नाहीत. आज साताऱ्याकडून येणारा मालट्रक आणि कॉलेजला निघालेली दुचाकी एकाच उतारावर आहेत. वाहतूक बदलली, आखणी तीच राहिली.

दुखणे एकट्या पुण्याचे नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा देशभर सीट बेल्टची चर्चा झाली. ती गरजेचीच होती. पण पुलाशी येताच तीन मार्गिकांच्या दोन होतात, यावर किती बोलले गेले? ‘मानवी चूक’ असा शेरा मारून फाइल बंद करण्याची सवयच यंत्रणेला जडली आहे.

नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत उतार कुठे किती आहे, तो मानकात बसतो का आणि बसत नसेल तर कधी बदलणार, हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने तारखेसह लेखी जाहीर करावे. तोवर ब्रेक निकामी झालेली वाहने थोपवणाऱ्या बाजूच्या मार्गिका आणि सलग सेवा रस्ते युद्धपातळीवर व्हावेत. अपघातानंतर ट्रकचालकावर गुन्हा दाखल होतो. यापुढे आखणी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचीही चौकशी झाली पाहिजे.