खिडकी तडकली, छत कशाला बदलता?

अमेरिकेत हौसेने जुनी कन्व्हर्टिबल घेणाऱ्यांना हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "मागची खिडकी तडकली? छतच बदला!" च्यायला, एक बग सापडला म्हणून आपण अख्खी सिस्टीम नव्याने लिहितो का?

ही खिडकी काचेची नाही, मऊ व्हिनाइलची. ती कधीतरी जाणारच. उन्हाने पिवळी पडते, मऊपणा देणारा प्लास्टिसायझर कमी होतो आणि थंडीत छत दुमडलं की कडकन तडा! पण भोवतालचं कापड बरेचदा ठणठणीत असतं. बीएमडब्ल्यू झेड३ची (१९९५-२००२) खिडकी तर चेनने बसवलेली. जुनी काढा, नवी लावा. इतर गाड्यांत सीटकव्हरं शिवणारा चांगला कारागीर जुनी उसवून नवं व्हिनाइल शिवू शकतो.

तोवर तड्याच्या टोकाला बारीक गोल छिद्र पाडा, म्हणजे तो सहसा पुढे सरकत नाही. वर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप. अर्थात हा तात्पुरता पॅच. मागचं नीट दिसत नसेल तर त्यावर भागवू नका.

छतच फाटलं असेल तर जरूर बदला. पण आधी "नुसत्या खिडकीचे किती?" हे विचारा. जो विचारत नाही, तोच छताचे पैसे भरतो.